सरदारांचा हुरडा

सरदार हैबतरावांना आपल्या ताटाचा भारी गर्व. काबूलचे जर्दाळू, काश्मीरचं केशर, सगळं त्यांच्या वाड्यावर यायचं. थंडीत शिकारीहून परतताना ते तुळसाबाईच्या शेतात थांबले. घरची सगळी माणसं आगटीच्या निखाऱ्यांभोवती बसून ज्वारीचा हुरडा खात होती.

सरदार हसले. "हे कसलं खाणं! माझ्या ताटात येऊच शकणार नाही अशी एक चीज दाखव बाई, नाहीतर या उभ्या पिकात घोडे सोडतो."

तुळसाबाईने भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं आणि वाफाळते दाणे पुढे केले. सरदारांनी ओंजळभर खाल्ले.

"झकास! पण हरलीस. टोपलीभर दे, संध्याकाळी हेच माझ्या ताटात असतील."

तिने टोपली भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सरदार तणतणत आले. "फसवलंस! गार खाल्ले तर चिवट, आचाऱ्याने पुन्हा तापवले तर खडे. कालचे दाणे हे नव्हेत!"

"दाणे तेच आहेत, सरकार," तुळसाबाई म्हणाली. "तुमच्या ताटाकडे सारा मुलूख चालत येतो. हुरड्याकडे मात्र माणसालाच चालत यावं लागतं. बसा, आगटी पेटलीय."

सरदारांनी घोडे लांब बांधायला सांगितले आणि हात पुढे केला.