लाडाईचा विस्तव

ही गोष्ट मी फार लहानपणी आत्याच्या तोंडून ऐकली, आणि ती मला नीट आठवते का याची आता खात्री वाटत नाही. विस्तव खरंच आपोआप विझायचे की ते आत्यानं पदरचे घातले, हेही ठरवता येत नाही. तेव्हा जशी हाताशी आहे तशी सांगतो. कुठे चुकलं तर चूक माझी, लाडाईची नव्हे.

फार वर्षांपूर्वी, घरात काडेपेटी असणं ही मोठी चैन होती त्या काळी, सह्याद्रीच्या एका उतारावर पांढरदरा नावाचं गाव होतं. सकाळी चूल पेटवायची तर शेजारणीकडून खापरात विस्तव मागून आणायचा. विस्तवाला नाही म्हणणारं घर गावात नव्हतं. तिथल्या वाऱ्याचीही एक रीत होती. फाल्गुनात सकाळी तो डोंगरावरून खाली ओढ्याकडे वाहायचा आणि दुपार कलली की उलटा फिरून वर चढायचा. पोरासोरांनाही हे ठाऊक होतं, म्हणून दुपारनंतर कुणी उघड्यावर विस्तव नेत नसे.

अशाच एका कलत्या दुपारी माळाला वणवा लागला. हैबतीच्या गवताच्या गंजीतून तो निघाला आणि वाऱ्याबरोबर वर धावला. घोडा धावेल त्याहून वेगानं धावला, असं म्हणतात. पाखरं उडता उडता हवेतच करपली. डोंगरावरच्या गोठ्यात लाडाईचा नवरा खंडू गुरं घेऊन राहत होता. संध्याकाळी त्याची वासरं एकेक करून गावात उतरली. एकाच्याही गळ्यात तुटकं दावं नव्हतं. सगळी हातानं सोडलेली. खंडू मात्र आला नाही.

आग कुणीतरी लावली होती, एवढं सगळ्यांना कळत होतं. पाटील म्हणाले, "एकेकाला देवीपुढे उभं करू. नाव निघाल्याशिवाय राहणार नाही."

लाडाई म्हणाली, "नाव घेऊन मी काय करू, पाटीलबाबा? ज्या हातानं माझा संसार जाळला, त्या हातानं माझी चूल पेटवावी. तोवर ती थंडच राहील."

दुसऱ्या दिवशी शेजारची जनाई खापर घेऊन आली. "अगं, विस्तव काय गोत विचारून पेटतो? घे, चार घास शिजव."

लाडाईनं निखारा चुलीत ठेवला, फुंकर घातली, आणि तो पाण्यात बुडवल्यासारखा काळा पडला. मग दुसरं घर आलं, तिसरं आलं. कुणी खैराचे निखारे आणले, कुणी पेटतं लाकूडच आणलं. सगळं उंबऱ्याच्या आत आलं की विझायचं, असं म्हणतात. गंजी हैबतीची, म्हणून संशयही त्याच्यावरच होता. त्याचाही विस्तव विझला तेव्हा तो अंगणात नाचायलाच लागला. "बघा रे, बघा! विझला!"

मग गावाला एकच चाळा लागला. अजून कोण गेलं नाही? पाणवठ्यावर बायका एकमेकींना टोचायच्या, "काय गं, तुमचे धनी कधी जायचे? की फुंकर मारायला लाजतात?" हैबतीच्या बांधाशेजारी नागूचं शेत होतं. त्यानं बायकोच्या हाती विस्तव पाठवला. तोही विझला.

लाडाई भिजवलेलं धान्य, ताक, उंबरं यांवर राहायची. दारात पाऊल वाजलं की ती माणसाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायची. आणि निखारा काळा पडला की तिला जरा बरंही वाटायचं. हाही नव्हे, असं तिच्या मनात यायचं. ओळखीच्या कुठल्या हातात तो विस्तव जळत राहील, याचीच तिला भीती वाटू लागली होती.

वर्ष फिरलं, पुन्हा फाल्गुन आला. एका सकाळी, वारा अजून खाली वाहत असताना, नागू तिच्या दारात उभा राहिला. त्याच्याकडे खापर नव्हतं. निखारा उघड्या तळव्यावर होता.

"वहिनी, गोवरी ओलसर निघाली," तो म्हणाला. "बांधाच्या भांडणापायी हैबतीची गंजी जाळायची होती. सकाळी धुमसती गोवरी खुपसून आलो. वाटलं, आग खालीच जाईल, ओढ्यापाशी विझेल. गोवरी दुपारपर्यंत धुमसत राहिली."

"ते वर आहेत हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण वारा खाली होता."

लाडाईनं त्याच्या तळव्यावरून निखारा उचलला आणि चुलीत ठेवला. फुंकर घालायचीही गरज पडली नाही, असं म्हणतात. चूल भडकली आणि वर्षभर काळे पडून राहिलेले सगळ्या घरांचे निखारे तिच्याबरोबर लाल झाले.

नागूला तळव्यावर निखारा घेऊन जाताना गावानं पाहिलं होतं; तोवर माणसं काठ्या घेऊन अंगणात जमली होती. हैबती ओरडला, "बाहेर काढ त्याला, लाडाई!"

"आधी भाकरी होऊ दे," ती आतून म्हणाली.

तिनं भाकरी थापली, भाजली, अर्धी नागूपुढे ठेवली. भाजलेल्या हातानं त्याला ती मोडवेना, तेव्हा तिनंच तुकडे करून दिले. "मी माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "खा, आणि वर जा. आजपासून वारा फिरायच्या आधी माळावर तू उभं राहायचं."

नागू मरेपर्यंत फाल्गुनात रोज तिथे उभा राहिला. "वारा फिरला, चुली झाका!" ही त्याची हाक ओढ्यापलीकडच्या वाड्यांनाही ऐकू जायची.

पांढरदऱ्यात अजून फाल्गुनाच्या पहिल्या दिवशी सगळ्या चुली विझवतात. मग एकच विस्तव घरोघर फिरतो. घेणारा विचारतो, "कुणाच्या हातचा?" देणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, मगच तो घरात जातो. त्याला लाडाईचा विस्तव म्हणतात.

बऱ्याच वर्षांनी मी मुद्दाम त्या दिवशी तिथे गेलो. पहिला विस्तव नागूच्या घरचेच काढतात. गावानं ते त्यांच्यावर लादलेलं नाही, त्यांनी ते मागून घेतलं होतं, याची दोन-तीन वेगवेगळ्या घरांत विचारून मी खात्री करून घेतली. त्या वर्षी त्या घरची पुण्यात नोकरी करणारी सून आली होती. पहिल्याच दारात, कुणी काही विचारायच्या आत, तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आग आमच्या घरानं लावली होती."