दवाचा खेळ

त्या रानात पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण सर्वांनी मिळून, एका जागी बसून पाहावी अशी गोष्ट एकच होती. ती म्हणजे म्हाताऱ्या कोळ्याने दोन फांद्यांमध्ये विणलेले जाळे. सकाळी त्यावर दव साठे, मागून ऊन येई आणि थेंबाथेंबात सारे रान उलटे दिसू लागे.

धनेश पक्ष्याने तिथे बैठक सुरू केली. येणारा प्रत्येक जण एक फळ आणी. त्यातून जागा झाडणाऱ्या मुंग्यांना वाटा मिळे, वर्दी देणाऱ्या सुतारपक्ष्याला मिळे, आणि उरलेले धनेश ठेवून घेई. जाळ्याला डाग लागू नये म्हणून माश्या हाकलायला चतुर हा उडता किडा नेमला होता. हाकललेल्या माश्या तोच खाई. कोळ्याच्या अंगावर मात्र सर्वांसमक्ष मानाचे पिंपळाचे पान पांघरत. खेळ संपला की निघणाऱ्यांच्या धक्क्याने जाळे फाटे.

कोळी रोज नवे विणी. सूत पोटातूनच काढायचे, आणि पोटात काही पडत नव्हते. महिनाभर त्याने वाट पाहिली, मग धनेशाकडे गेला.

"धनेशराव, चार माश्या तरी येऊ देत जा."

"अहो कोळीबुवा, एवढं रान तुमचं नाव घेतं! जाळं लावून माश्या मारत बसण्यापेक्षा हे बरं नाही का?"

"मी विणतो ते माश्यांसाठीच."

"हळू बोला. पाहुणे ऐकतील. तुमच्यासारख्या कलावंताच्या तोंडी खाण्याची गोष्ट शोभत नाही."

पलीकडून चतुर म्हणाला, "आणि बुवा, पानं किती जमली तुमच्याकडे! थंडीची चिंता मिटली."

कोळी परतला. शेजारच्या रानातले पाहुणे यायचे होते त्या सकाळी त्याला विणायला बसवेना. कसेबसे जाळे पूर्ण केले. बैठक भरली. ऊन आले. थेंब पेटले.

तेव्हा कोळी पानाखालून निघाला, जाळ्याच्या कडेला गेला आणि बाहेरचा धागा तोंडात घेऊन गिळू लागला. मग त्याच्या आतला. एकेक थेंब गळत होता, त्यातले रान विझत होते. कोणी हलले नाही. एका पाहुण्याचे डोळे भरून आले.

शेवटचे दोन धागे उरले तेव्हा धनेश अलगद जवळ सरकला.

"उद्याही हेच ठेवू, बुवा," तो कुजबुजला. "फक्त जरा सावकाश खा. मागच्यांना दिसत नाही."