दर पाच सेकंदांनी

“मग यात माझं चुकलं कुठं, सर?” निनादनं तिसऱ्यांदा विचारलं.

शालिग्राम सर ओसरीवर सुपात शेंगा सोलत बसले होते. जन्म टेलिफोनच्या तारांत गेलेला माणूस. निनादला नेटवर्कचा श्रीगणेशा त्यांनीच शिकवला. पोरगा हुशार निघाला. हुशारी जरा डोक्यात गेली, हेही खरंच.

सातपुड्यातल्या चाळीस आरोग्य केंद्रांची निरोप धाडणारी यंत्रं तो नंदुरबारात बसून सांभाळायचा. तिकडं मोबाइलला रेंज नाही. सगळ्यांत मिळून एकच लाइन, तीही रडतखडत चालणारी. पूर्वी तासातून एकदा त्या लाइनीवरून यंत्रांची विचारपूस व्हायची, ठीक आहेस ना म्हणून. निनादनं ती दर पाच सेकंदांवर आणली. साहेबांनी पाठ थोपटली.

सोमवारी वरच्या एका केंद्रात बाळंतीण अडली. सिंधू पाडवी नावाची नर्स दुपारपासून गाडीसाठी निरोप पाठवत राहिली. पण त्याच एका लाइनीत निनादच्या प्रश्नांची आणि यंत्रांच्या उत्तरांची रीघ लागलेली. निरोप मागंच ताटकळला. दिवेलागणीला बाई गेली. पोटातलं बाळही गेलं.

निनादच्या पडद्यावर त्या केंद्राचा दिवा दिवसभर हिरवा होता.

“एक उत्तर चुकलं नाही, सर. दर वेळी यंत्र म्हणालं, ठीक आहे. मी अजून काय...”

सरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“ठीक आहेस ना?”

“नाही, सर. तीन दिवस मला...”

“ठीक आहेस ना?”

“डोळा लागत नाही. त्या बाईचं...”

“ठीक आहेस ना?”

निनादला संताप आला. म्हातारा चळला की काय? पण तोंड उघडावं, की सरांचा तोच प्रश्न, त्याच सुरात. मनातलं ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं. शेवटी तो थकला. एकदाचं हे थांबावं म्हणून पुटपुटला,

“ठीक आहे.”

सरांचा प्रश्न थांबला.

...

निनादला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो हुंदके देऊन रडला. सरांनी त्याला उगी म्हटलं नाही. त्यांचेही डोळे भरले होते.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “आजच सगळं बदलतो, सर. पण बदलून काय उपयोग? ती तर गेली.”

“गेली,” सर म्हणाले.

...

“मग मी आता करू तरी काय?”

सरांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“वर त्या केंद्रात जा, सिंधूपाशी बस. आणि तिला काही विचारू नकोस.”