पालकाच्या नावाने आलेला आंबटचुका

भाज्या आपल्या पायांनी पाहुणचाराला जात, त्या काळची ही गोष्ट. सशीणबाईंच्या डोहाळजेवणाला पालकाला बोलावणं आलं आणि शेजारच्या वाफ्यातल्या आंबटचुक्याचा जळफळाट झाला. "पानं माझीही तशीच लांबट, तशीच हिरवीगार. मग मान त्यालाच का?" असं म्हणून तो पालकाच्या आधी धावत सुटला आणि थेट स्वयंपाकघरात हजर झाला.

"तू पालकच ना रे?" चुलीपाशी बसलेल्या खारूताईने विचारलं.

"अगदी अस्सल," चुका म्हणाला.

एक पान चावलं असतं तर कळलं असतं. पण नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, हा खारूताईचा नेम. तिने चुका चिरला, शिजवला आणि वर वाटीभर दूध ओतलं. दूध फाटलं, पातेलंभर गुठळ्या झाल्या आणि खारूताईची शेपटी फुलून केरसुणीएवढी झाली.

नैवेद्य झाला. सशीणबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे दोन्ही कान गरागरा फिरले. "हेच, खारूताई, हेच. महिनाभर जीव या आंबटासाठी तळमळत होता. कसली गं ही भाजी?"

"पालकाची."

"मग बाळ होईपर्यंत मला रोज पालकच हवा," म्हणत सशीणबाई पातेलं चाटू लागल्या.

"अहो, मी पालक नाही, आंबटचुका आहे," चुका पातेल्यातून ओरडला.

"गप रे," खारूताई म्हणाली. "मघाशी तूच सांगितलंस."

तेवढ्यात खरा पालक दारात आला. "मी पालक," तो म्हणाला, आणि सशीणबाईंनी आपल्या गळ्यातला फुलांचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला.