द्राक्षांच्या गावचं मानाचं उपरणं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगायलाही आता कोणी उरलेलं नाही. द्राक्षं मात्र तेव्हाही होती, आणि माणसांच्या खोडी आजच्यासारख्याच होत्या.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात घरटी एक द्राक्षबाग. लाकडी मांडवावर वेल चढवलेले असत आणि खाली उभं राहिलं की डोक्यावर पानांचं छत. थंडीत घड भरत, ऊन तापू लागलं की गोड होत, आणि मग गावची जत्रा भरे.

या जत्रेत एक मान होता. कोणे एके काळी एक राजा त्या वाटेने चालला होता. एका माळ्याने रोगाने वठलेली बाग पुन्हा हिरवी केलेली त्याने पाहिली आणि खूश होऊन स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं त्याला दिलं. राजा निघून गेला, प्रथा राहिली. दरवर्षी जो माळी आपली आजारी बाग वाचवील, त्याच्या खांद्यावर पाटील सगळ्यांसमोर एक तलम उपरणं घालत. मग त्या माळ्याने उठून आपली हकिगत सांगायची, गावाने ऐकायची.

ऐकायला बरी वाटते ना प्रथा? मलाही वाटली होती. पण पुढे ऐका.

या गावात एक म्हातारा माळी राहत होता. घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. त्याची बाग कधी आजारी पडलीच नाही, त्यामुळे उपरण्याचा प्रश्नच नव्हता. जत्रेत त्याचं नाव निघालं की लोक हसून म्हणत, "यांचं काय, नशीबच बलवत्तर! रोग यांच्या बांधावरूनच परत फिरतो."

नशीब काय असतं ते म्हाताऱ्याच्या धोतराला ठाऊक होतं. ते धोतर निळ्या डागांनी भरलेलं होतं.

त्याच्या शेजारच्या बागेचा मालक मोठा बोलका गडी होता. त्याची बाग दरसाल आजारी पडे आणि दरसाल तो ती अर्धीमुर्धी वाचवी. मग जत्रेत उभा राहून अशी रंगवून हकिगत सांगे की बाया पदराने डोळे पुसत. त्याच्या घरी उपरण्यांची चळत झाली होती. द्राक्षं मात्र टोपलीच्या तळाला.

एका जत्रेत असंच झालं. बोलक्या शेजाऱ्याला पुन्हा उपरणं मिळालं आणि तो मिरवत मिरवत म्हाताऱ्यापाशी येऊन बसला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता, त्याला सगळं धुरकट दिसे. त्याने हात पुढे केला, उपरण्याचं टोक दोन बोटांत धरून चाचपलं आणि हळूच म्हणाला, "केवढं मऊ सूत आहे गं, पोरी!"

एवढंच म्हणाला. पण लेकीच्या काळजात चर्र झालं. जन्मभर राबलेला बाप, आणि त्याच्या खांद्यावर कधी कोणी काही घातलं नाही. तिने तिथेच मनाशी ठरवलं की आबांच्या हातापायांत जीव आहे तोवर हे उपरणं त्यांच्या अंगावर पडलंच पाहिजे. तिचं प्रेम खरं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. चुकीचं काम करायला प्रेमाची आडकाठी कधीच नसते.

आता त्या रोगाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ढगाळ, दमट हवा आली की द्राक्षाच्या पानावर तेलाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट डाग पडतात. पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. हीच लव कोवळ्या घडावर चढली की घड कुजून जातो. बागाईतदार या रोगाला केवडा म्हणतात. नाव अगदी देवाला वाहण्यासारखं, आणि काम हे असं.

म्हाताऱ्याकडे त्यावर औषध होतं. एका मडक्यात मोरचुदाचे निळे खडे विरघळवायचे, दुसऱ्यात चुना भिजवायचा, आणि दोन्ही तिसऱ्या रांजणात एकत्र ओतायचं. निळंशार औषध तयार होई. मग त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस रंग चढला तर औषध कडक झालं, पानं भाजतील. मग आणखी चुना घालायचा. ते त्याच दिवशी वेळूच्या पिचकारीने मांडवाखाली उभं राहून पानांच्या खालच्या अंगाला मारायचं. आणि मुख्य म्हणजे रोग दिसायच्या आधी मारायचं.

छाटणी झाली, नवी फूट आली. म्हातारा मांडवाच्या कडेला घोंगडीवर बसून होता. त्याने वर हात करून एक पान चाचपलं.

"पोरी, पानं तळहाताएवढी झाली. आभाळ भरायच्या आत औषध मार."

"मारते, आबा."

तिने रांजण भरला, पिचकारी भरली आणि मांडवाखाली फिरू लागली. पिचकारीचा आवाज म्हाताऱ्याच्या कानांवर येत होता. वरून दोन थेंब त्याच्या कपाळावर पडले, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. थेंब निळे नव्हते, हे त्याला दिसणार कसं? रांजणात नुसतं विहिरीचं पाणी होतं.

तिचा हिशेब सोपा होता. थोडा रोग येऊ द्यायचा, गावाला दिसू द्यायचा, मग आबांचं औषध मारून बाग बरी करायची. औषध घरात होतं, कृती पाठ होती. काळजी कशाची?

कार्तिकात आभाळ भरून आलं. सकाळी धुकं दाटू लागलं. आणि एके दिवशी पानावर पहिला पिवळा डाग दिसला. तो बघून तिला आनंद झाला! बागेत रोग बघून आनंदलेली माळ्याची ती जगातली पहिलीच लेक असावी. ती धावत जाऊन बोलक्या शेजाऱ्याला म्हणाली, "काका, आमच्याकडे केवडा आला!"

"अरे वा," शेजारी जाणकाराच्या आवाजात म्हणाला. "पण एवढ्यात औषध मारू नकोस हो. जरा पसरू दे. एवढ्याशा रोगाला कोण उपरणं देतंय?"

तिने जरा पसरू दिला. आणि तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली ती थांबेचना. तिने घाईघाईने औषध कालवून मारलं, ते पावसाने धुऊन नेलं. पुन्हा मारलं, पुन्हा धुतलं गेलं. पानांवरची लव घडांवर चढली. फुलोऱ्यातले घड तपकिरी पडले, मऊ झाले आणि हात लावताच गळू लागले. वारा खालच्या अंगाला वाहत होता. तिकडे एका एकट्या काकूची नवी बाग होती. तिने वेल लहानाचे मोठे केले होते आणि यंदा त्यांना पहिल्यांदाच घड धरले होते. वाऱ्याबरोबर रोग तिच्या मांडवावरही गेला.

पाऊस उघडला तसा म्हातारा काठी टेकत बागेत आला. त्याने एक पान धरून खालून बोट फिरवलं. वेळेवर मारलेलं औषध पानावर वाळलं की बारीक खरखर येते, ती पावसानेही जात नाही. बोटाला ती लागली नाही. लागली ती मऊ लव. त्याने दुसरं पान धरलं, तिसरं धरलं.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "पाण्यावर बाग जगते हे खरं. पण पाणी मुळाला घालायचं असतं गं."

तिला रडू फुटलं. "आबा, तुम्हाला ते उपरणं मिळावं म्हणून..."

"कळलं मला," म्हातारा म्हणाला. "आता रडू नको. कामाला लाग. घड गेले, वेल अजून आहेत."

त्याने जसं सांगितलं तसं ती करत गेली. कुजलेले घड आणि रोगट पानं तोडून बागेबाहेर नेऊन जाळली. दाटलेली फूट विरळ केली, म्हणजे मांडवात वारा खेळेल आणि पानं लवकर वाळतील. मग ऊन बघून पुन्हा औषध मारलं, या वेळी निळंशार, एकही पान न सोडता. काकूच्या मांडवातही तिने तसंच केलं. नवी पानं स्वच्छ निघाली, वेल वाचले. पण त्या वर्षी दोन्ही बागांत एक घड उरला नाही.

जत्रा भरली. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, यंदा मान कोणाचा यात वादच नाही. एवढी मेलेली बाग पुन्हा हिरवी झालेली मी आजवर पाहिली नाही. आबा, पुढे या!"

टाळ्या पडल्या. लेकीने म्हाताऱ्याला पुढे नेऊन बसवलं आणि पाटलांनी उपरणं त्याच्या खांद्यावर घातलं. लेकीला जे हवं होतं ते झालं, अगदी तिला हवं होतं तसं.

तिने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून होते. उपरण्याला त्याने बोटही लावलं नाही. मागे काकू रिकामी टोपली घेऊन बसली होती आणि तीसुद्धा बिचारी टाळ्या वाजवत होती.

त्या टाळ्या लेकीला सहन झाल्या नाहीत. ती उठली.

"पाटील, ते उपरणं काढून घ्या. हकिगत सांगायची पद्धत आहे ना? मग मी सांगते. रोग आपणहून आला नाही. मी त्याला वाट करून दिली. आबांना मान मिळावा म्हणून औषधाच्या जागी पाणी मारलं. आमचे घड गेले ते माझ्या करणीने. पण काकूंचे घड पण मीच घालवले, आणि त्यांचा तर काहीच गुन्हा नव्हता."

काकूने टोपली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. बोलका शेजारी उठला होता.

"पाटील," तो म्हणाला, "पोरीला एकटीला बोल लावू नका. थांब जरा, पसरू दे, असं मीच तिला सांगितलं. मी पण दरसाल थोडी वाट बघतो. रोग दिसल्याशिवाय औषध मारलं तर जत्रेत सांगणार काय?"

मग आणखी एकाने मान खाली घातली, त्याच्या शेजारच्यानेही घातली. बघता बघता निम्म्या जत्रेच्या माना खाली गेल्या. गाव आपल्या बागा आजारी पडायची वाट पाहत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपणच करतो.

पाटील म्हाताऱ्यासमोर खाली बसले. "आबा," ते म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला नशीबवान म्हणत आलो. तुमच्या बागेत रोग का येत नाही, हे कोणी विचारलंच नाही. आता विचारतो. तुम्ही करता तरी काय?"

म्हातारा हसला. त्याने आपलं निळं डागाळलेलं धोतर पुढे केलं आणि सांगायला सुरुवात केली. मोरचूद किती, चुना किती, विळ्याचं पातं कशाला, पानाचं खालचं अंगच का, आणि आभाळ स्वच्छ असतानाच हे का करायचं. सांगता सांगता त्याने खांद्यावरचं उपरणं काढून पाटलांच्या हातात परत दिलं. पाटलांनी ते घडी करून पेटीत ठेवलं, ते पुन्हा कोणासाठी काढलं नाही. लेकीने मात्र काकूला वचन दिलं की पुढच्या वर्षी आधी तुमची बाग फवारीन, मग आमची.

तिने ते पाळलं. पुढच्या कार्तिकातही धुकं आलं, आभाळ भरलं, भुरभुरही झाली. पण त्याआधीच घरोघरी रांजण निळे झाले होते, आणि गावात ज्याच्या त्याच्या कपाळावर, कपड्यांवर निळे थेंब होते. रोग आला असेल, नसेल. कोणाला दिसला नाही.

त्या वर्षीच्या जत्रेत मोठी पंचाईत झाली. हकिगत सांगायला कोणी उठेना, कारण कोणाकडे हकिगतच नव्हती. बोलका शेजारी दोनदा उठला आणि काही न सुचून खाली बसला. मग काकूने आपल्या बागेचा पहिला घड आणून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. म्हाताऱ्याने तो चाचपला, एक टपोरा मणी तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. ते पाहून सगळ्यांनीच आपापल्या टोपल्या पुढे ओढल्या, आणि सगळं गाव संध्याकाळपर्यंत नुसतं द्राक्षं खात बसलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: संकटातून वाचवणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण ज्याने संकट येऊच दिलं नाही, त्याला नशीबवान म्हणून मोकळे होऊ नका.