नळीवरचा हात

"उस्ताद, किती दिसांत म्हातारी दिसंल ही नळी?"

दिलावरनं विचारलं. कासिम उस्तादांनी मांडीवरच्या तलवारीवरून मान उचलली नाही.

नळी ठासणीच्या बंदुकीची होती. गावातल्या हौसाक्कानं ती बंदूक खंडेनवमीच्या पूजेआधी आणून दिली होती. "नुसता तेलाचा हात फिरवा," एवढंच सांगून गेली होती. पण बारा वर्षं उस्तादांकडे शिकलगारी करून हत्यारं चकचकीत केलेल्या गड्याला तेवढ्यानं कुठं समाधान! उस्ताद बाजाराला गेले आणि यानं पॉलिशपेपर काढला. तीन पिढ्यांचा करडा रंग दोन तासांत उडाला. नळी नव्या ताटासारखी लखलखली.

उस्तादांनी परत आल्यावर ती उलटसुलट फिरवून तिच्यावर काहीतरी शोधलं होतं.

"तिच्यावर हाताचा डाग हुता," आता ते म्हणाले.

"डागच काढला की मी."

"हौसाक्काच्या नवऱ्याचा हात हुता त्यो. जलमभर एकाच जाग्याला धरली त्यानं. घामानं काळा पडलावता. दर नवमीला बाई त्याच्यावर हात ठेवती... मग पूजा करती."

दिलावरनं पॉलिशपेपर मांडीखाली सरकवला. पण हुशारी गप्प बसू देईना.

"रंग घालवला तसा आणतोबी. तुमी फकस्त सांगा."

उस्तादांनी सांगितलं. राखेनं घासून तेलाचा अंश काढायचा. चिंचेचं पाणी लावायचं. काळवंडली की धुवायची, पुसायची, पुन्हा लावायचं... चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी नळी अशी करडी झाली, की तिला नवी म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

"आन हात?" उस्तादांनी विचारलं.

दिलावर हसला. चिंचेच्या पाण्यात मीठ टाकून त्यानं स्वतःचा तळवा भिजवला आणि नळी घट्ट धरून बसला. हात काढला तेव्हा खाली पंजा उमटला होता.

"वळखा आता!"

उस्तादांनी त्या पंजावर बोट फिरवलं आणि नळी बंदुकीला जोडली.

नवमीच्या आदल्या दिवशी हौसाक्का आली. बंदूक मांडीवर घेतली. डोळे मिटून तिनं डागावर हात ठेवला.

ठेवला... उचलला... पुन्हा ठेवला.

"चाचा, अंगठा जरा वर हुता न्हवं ह्यांचा?"

उस्तादांनी दिलावरकडे पाहिलं. दिलावरनं जमिनीकडे.

"ऱ्हाऊ द्या," तीच म्हणाली. "माझंच ध्यान फिरलं आता. माणूस जाऊन नऊ वर्सं झाली. हातबी ध्यानात ऱ्हाईना माज्या... काय बाई म्हणायची मी!"

तिनं डोळे पुसले, नारळ ठेवला, बंदूक पदराखाली धरून उंबरा उतरली.

दिलावरनं आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. चिंचेनं तो अजून पिवळट होता. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"उस्ताद... तिला वाटलं, तीच विसरली."

"हं."

"आता जलमभर तिला तसंच वाटत ऱ्हानार."

"हं."

"तुमी तरी बोलायचं हुतं!" दिलावर म्हणाला. "तुमाला सगळं ठावं हुतं. का न्हाई बोलला?"

उस्तादांनी तलवार बाजूला ठेवली. हातातल्या फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"तुज्याएवढा हुतो तवा मीबी एकाच्या हत्याराचं असंच खोटं काम केलं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, खरं काय ते सांगू सावकाशीनं. त्यो माणूस गावाची येस वलांडून गेला... पुन्हा कवा आलाच न्हाई."

बाहेर ऊन कललं होतं. उस्तादांनी दिलावरच्या चपला पायानं त्याच्यापुढं सरकवल्या.

"हौसाक्का आजून वढ्यापशीच आसंल."