दिशाकावळ्याचा वैशाख

साऱ्या जातककथा मला तोंडपाठ आहेत. म्हणजे ही एक, तीही मधूनमधून.

पूर्वी शूर्पारक बंदरी कीर्तिसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कावळ्याच्या जन्माला आला होता. तोंडं वाकडी करू नका. तुमचा मागचा जन्म याहून बरा होता याची खात्री आहे का? पालित शेठच्या गलबतावर तो दिशाकावळा म्हणून चाकरीला होता. भर समुद्रात वाट चुकली की गलबत हाकणारा तांडेल कावळा सोडायचा. जमीन दिसली तर तो तिकडे उडायचा आणि गलबत मागून जायचं. नाही दिसली तर परत डोलकाठीवर. मजुरी काय, तर बांगडा माशाचं डोकं.

बोधिसत्त्वाला डोक्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं वैशाखाचं. वैशाखात साऱ्या जगाचे कावळे घरटी बांधतात, आणि हा नेमका समुद्रात. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडावर त्याची नंदिका दरसाल एकटीच काड्या रचायची. डोलकाठीवरून तो पूर्वेकडे बघत राहायचा. तिकडे पाण्याशिवाय काही नसायचं, तरी बघायचा.

एकदा निघण्याआधी त्याने धीर केला. "शेठ, मजुरीचं बघा की जरा."

"बघितलं! आजपासून अख्खा बांगडा."

"मासा नको. वैशाखाचा महिना घरी द्या."

"अरे, तू काय चाकर आहेस? घरचाच आहेस तू!"

"घरचा आहे, म्हणून तर घरी जातो म्हणतो."

शेठ पोट धरून हसला. अशी माणसं हसण्यावारी नेऊनच श्रीमंत होतात. "एवढी खेप होऊ दे," म्हणाला, आणि शीड चढवलं. ही 'एवढी खेप' दरसालचीच होती.

परतताना वादळाने गलबत भरकटलं. प्यायचं पाणी संपलं. शेठच्या जिभेला कोरड पडली. कावळा सोडायची वेळ आली तेव्हा म्हातारा तांडेल हळूच म्हणाला, "आता अडून बस, काकोबा. मागशील ते देईल."

"तहानलेल्याशी सौदा करू नये, तांडेलदादा," बोधिसत्त्व म्हणाला आणि उडाला.

उंच गेल्यावर त्याला दोन जमिनी दिसल्या. पूर्वेला शूर्पारकची निळसर रेघ. त्याच्या पंखांना संध्याकाळपर्यंतची, पण समोरच्या वाऱ्यात गलबताला कितीतरी दिवसांची. दक्षिणेला, वाऱ्याच्या अंगाने, जवळच एक हिरवं बेट. पूर्वेला गेला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. जमीन दाखवायची, एवढाच करार होता.

त्याने त्या रेघेकडे पोटभर पाहून घेतलं. पोट भरलं नाही. मग तो बेटाकडे वळला.

माणसं वाचली. पण बेटाला लागतात न लागतात तोच पावसाळा लागला आणि समुद्र खवळला. त्या वाऱ्यात कावळ्याचाही पंख टिकेना. आश्विनापर्यंत सगळे तिथेच अडकले. शेठ गहिवरून म्हणाला, "यापुढे दर वैशाख तुझा." मजुरी वाढली. तोवर उंडीवरची पिल्लं उडून गेली होती.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा पालित शेठ म्हणजे आपल्या विहाराला तांदूळ देणारा हा उपासक." उपासक आपल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागला. "तांडेल म्हणजे हे आपले बोळक्या तोंडाचे म्हातारे थेर. नंदिका ही भिक्खुणी वासुला. आणि तो कावळा मीच. दुसऱ्याच्या अडचणीत आपला भाव वाढवू नये, ही करुणा."

मागच्या ओळीतून म्हातारी वासुला म्हणाली, "करुणा खरीच, भगवन्. पण पिल्लं विचारायची, 'बाबा आले तर ओळखायचे कसे?' आता मी काय सांगायचं, काळे आहेत म्हणून?"